केस लागलेली पोरं आणि आपली दिंडी



शताब्दीच्या मंडपात आम्हाला नामावर बोला म्हणून सांगितलंय. पण घरची पोरं कोर्टाच्या दारात उभी असताना त्यांना सोडून पुढं कसं जावं?

१ सप्टेंबर २०२३ ला अंबड तालुक्यात, आंतरवाली सराटीच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला. मागोमाग दगड पडले, एसटी गाड्या पेटल्या. जालना शहर सळईच्या कारखान्यांचं, बियाण्यांच्या कंपन्यांचं. तरी शिकलेलं पोरगं चौकात बसून. ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयात आरक्षण गेलं. २०२२ ला सरकार बदललं, २०२३ ला आणखी एक पक्ष फुटला. पोरानं भरवसा ठेवावा कुणावर? मोबाईलवर आग दिसली की त्याचा हात दगडाकडे जातो. चिथावणारा घरी, केस पोराच्या नावावर. मग पोलीस भरतीचं मैदान मारलं तरी चारित्र्य पडताळणीत घोडं अडतं.

राग खोटा नव्हता हो. २०१६ च्या मूक मोर्चांत लाखो माणसं चालली, पण रांगेत आणि शांततेत. पुढं लेकीबाळी होत्या. दिंडीत तरी वेगळं काय? चोपदारानं दंड उंचावला की टाळ थांबतो.

केस लागलेलं पोरगं दिंडीत नको, असं काहीजण म्हणतात. विणेकरीबुवा, ते ऐकू नका. कोर्टाची तारीख त्यानं चुकवू नये. बाकीचे दिवस त्याच्या हाती टाळ द्या. नावं आमच्याकडे आषाढाआधी आणून द्या.