लेव्हल क्रॉसचे पेटी घराणे
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



शर्यतीच्या मोटारींवर आम्ही बोलावे याचे आपणांस नवल वाटले असेल. आमचा सारा जन्म खडू आणि फळा यांच्या सहवासात गेला. परंतु चिटणिसांनी 'पिढीजात धंदा' हा विषय दिला, आणि आम्हांस लेव्हल क्रॉसची आठवण झाली. अमेरिकेत उत्तर कॅरोलायनात आमचा पुतण्या नोकरीनिमित्त असतो. त्याच्याकडे गेलो असता त्याने आम्हांस त्या खेडेगावी नेऊन पेटी घराण्याची जुनी कर्मशाळा दाखविली. तेथे आता संग्रहालय आहे. (पेटी हे त्यांचे आडनाव, आपल्या बाजाच्या पेटीशी त्याचा संबंध नाही.)

'स्टॉक कार' म्हणजे मुळात दुकानात कोणासही विकत मिळणारी साधी मोटार. १९४९ साली शार्लट येथे अशा मोटारींची पहिली मोठी शर्यत झाली, तीत ली पेटी हे पस्तीस वर्षांचे संसारी गृहस्थ उसनी ब्यूइक गाडी घेऊन उतरले आणि ती उलटवून बसले. उसनी वस्तू मोडल्यावर मनुष्य घरी बसावयाचा. हे बसले नाहीत. १९५४, १९५८ व १९५९ अशी तीन वर्षे ते अजिंक्य ठरले. डेटोना येथील पहिली पाचशे मैलांची शर्यत १९५९ सालची. दोन गाड्या इतक्या जोडीने आल्या की विजयी म्हणून दुसऱ्याचे नाव पुकारले गेले. चित्रफिती पाहून तिसऱ्या दिवशी निर्णय लींच्या बाजूने फिरला.

गडीमाणसे म्हणाल तर सारी घरचीच. थोरला रिचर्ड गाडी हाकणारा. धाकटा मॉरिस, लहानपणी पोलिओ झालेला, इंजिने बांधणारा. चुलत भाऊ डेल इनमन दुरुस्तीच्या पथकाचा नायक.

आता एक प्रसंग थोडा विस्ताराने सांगतो, कारण त्याने आमची झोप उडविली. त्याच १९५९ च्या जूनमध्ये अटलांटाजवळील लेकवुडच्या मैदानावर रिचर्ड पहिला आल्याचे जाहीर झाले. वय एकवीस, आयुष्यातील पहिला विजय. तोच एका स्पर्धकाने तक्रार गुदरली की फेऱ्यांची मोजणी चुकली आहे. तो तक्रारदार म्हणजे त्याचा बाप. पुन्हा मोजणी झाली, लींचे म्हणणे खरे ठरले, आणि विजय मुलाकडून बापाकडे गेला. रिचर्डला पहिल्या विजयासाठी पुढील वर्षापर्यंत थांबावे लागले.

असा कसा हा बाप, असे येथील माताभगिनी मनात म्हणत असतील. आम्हीही प्रथम तेच म्हणालो. मग आम्हांस आमची सातवीची तुकडी आठवली. आमचे चिरंजीव आमच्याच वर्गात होते. लोक बोलतील या भयाने वार्षिक परीक्षेत त्यांच्या पेपरातील दोन गुण आम्ही हातचे कापले, आणि ते दुसरे आले. हे आजवर कोणास सांगितले नव्हते. लींनी मोजणी दुरुस्त करविली. आम्ही ती बिघडविली. दोघेही स्वतःस कडक बाप म्हणवीत असू, पण फरक केवढा!

१९६१ साली डेटोनाच्याच भीषण अपघाताने लींची कारकीर्द जवळजवळ संपली. भार रिचर्डवर आला. त्यांचे २०० विजय आणि सात अजिंक्यपदे. त्यांपैकी १९६७ च्या एका वर्षातच २७ विजय, ओळीने दहा. हे आकडे मुलांनी पाठ करावेत असे आहेत. परंतु मॉरिसच्या इंजिनांवाचून ते झाले नसते, हेही त्यांना सांगावे. शिवाय धंद्याने घेतलेला मोबदला त्यांत दिसत नाही. १९७५ साली टॅलाडेगा येथे पाण्याची टाकी फुटून रिचर्डच्या पत्नीचा धाकटा भाऊ रँडी ओवेन्स गेला. तो त्यांच्याच पथकात काम करीत होता.

रिचर्डचा मुलगा काइल. काइलचा मुलगा ॲडम. २ एप्रिल २००० रोजी टेक्ससमध्ये ॲडम सर्वोच्च श्रेणीच्या शर्यतीत उतरला, म्हणजे चौथी पिढी आली. तिसऱ्या दिवशी पणजोबा ली वारले. १२ मे रोजी न्यू हॅम्पशायर येथे सरावात ॲडमची गाडी भिंतीवर आदळली. वय एकोणीस. पुढे काइल स्वतःचा क्रमांक सोडून मुलाच्या ४५ क्रमांकाची गाडी चालवू लागला. दीर्घ आजाराने पीडित मुलांसाठी शिबिराची जागा उभारावी असे ॲडमच्या मनात होते. २००४ साली ती उघडली, आजोबा-आजींनी दिलेल्या जमिनीवर. पोराला या धंद्यात आणले याबद्दल काइलला काय वाटत असेल, हे विचारण्याचा अधिकार आम्हांस नाही.

२००९ साली मूळ संस्था दुसऱ्या पथकात विलीन झाली, आणि नंतर मालकीही घराबाहेर गेली.

प्रवासाहून परतल्यावर त्या दोन गुणांची गोष्ट आम्ही चिरंजीवांस सांगितली. ते आज दोन मुलांचे बाप आहेत. म्हणाले, "अण्णा, पेपर घरी आल्यावर मी बेरीज केली होती." इतकी वर्षे त्यांनी ती आपल्यापाशीच ठेवली होती.

चिटणिसांनी घंटा दिली आहे.