अंगणातली शाळा : अनुताई वाघ



मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात जा आणि पारावर बसलेल्या माणसाला विचारा, “अंगणवाडी कुठं आहे हो?” तो बोट करून दाखवील. हा शब्द आता इतका आपला झाला आहे की तो कुणी घडवला, कशासाठी घडवला, हे आपल्या मनातही येत नाही. आज या शब्दामागे उभ्या असलेल्या एका शिक्षिकेची आठवण आपण काढणार आहोत. त्यांचे नाव अनुताई वाघ.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातल्या मोरगावी झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे तेराव्या वर्षी लग्न झाले, आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या. अशा मुलीपुढे त्या वेळी काय होते, ते जुन्या माणसांना सांगायला नको. पण त्यांनी शिकायचे ठरवले. पुण्याला अध्यापिका होण्याचे शिक्षण घेतले, नाशिक जिल्ह्यात चांदवडच्या बाजूला खेड्यात शिकवले, मग पुण्याच्या हुजूरपागेत नोकरी धरली. दिवसा मुलींना शिकवायचे आणि रात्री रात्रशाळेत आपण विद्यार्थी होऊन बसायचे! अशा रीतीने १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. बी. ए. तर पन्नाशी उलटल्यावर झाल्या.

हुजूरपागेतली नोकरी चांगली होती. पुण्यासारखे शहर, नावाजलेली शाळा. पण १९४५ साली बोरिवलीला एका शिबिरात त्यांची ताराबाई मोडकांशी गाठ पडली. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बरोबर बालशिक्षणाचे काम केलेले होते. शहरातल्या मुलांसाठी जे केले ते खेड्यातल्या गरिबाच्या मुलासाठी करून पाहायचे, असे त्यांच्या मनाने घेतले होते. अनुताई त्यांच्याबरोबर तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी गेल्या, त्या कायमच्याच.

बोर्डीला बालवाडी तर सुरू झाली. पण दलित वस्तीतली मुले काही येईनात. घराचा उंबरठा ओलांडून गावातल्या शाळेत जायचे धाडस त्या आईबापांना होईना, आणि गावालाही ते रुचणारे नव्हते. आता शिक्षकाने काय करायचे? हजेरीपटावर ‘गैरहजर’ लिहून मोकळे व्हायचे? ताराबाई आणि अनुताई उठल्या आणि त्या वस्तीत गेल्या. तिथल्याच अंगणात, झाडाखाली मुले जमवली. शाळा अंगणात भरली म्हणून ती अंगणवाडी. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, एवढा साधा अर्थ त्या शब्दात आहे.

बाहेरगावची महागडी साधने आणायला पैसा नव्हता. मग खडे, चिंचोके, शिंपले, पाने, फुले, माती, बांबूच्या कांड्या हेच साहित्य झाले. चिंचोके मांडले की मोजणी आली, पाने लावली की लहानमोठे कळले, ओल्या मातीचा बैल केला की बोटांना वळण लागले. आणि या सगळ्याच्या आधी आंघोळ, नखे कापणे, केस विंचरणे. बाईंनी पदर खोचून पोरांना न्हाऊ घालायचे, हा अभ्यासक्रमाचा पहिला धडा होता.

पुढे छप्पन-सत्तावन्न साली हे काम डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेले. भोवती वारल्यांचे पाडे. तिथे निराळीच अडचण. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही? तर कडेवर धाकटे भावंड आहे. मुलगा का येत नाही? तर गुरे राखायला गेला आहे. यावर तोडगा असा निघाला की पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवायची. धाकटे पाळणाघरात गेले की थोरली वर्गात बसायला मोकळी. याला विकासवाडी म्हणत. आणि गुराख्यासाठी? शाळा कुरणात! गुरे चरताहेत, पोरे झाडाखाली शिकताहेत. तिचे नाव कुरणशाळा. ताराबाई १९७३ साली गेल्या. पुढे ते सगळे ओझे अनुताईंनी वाहिले. सरकारने १९८५ साली त्यांना पद्मश्री दिली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्या गेल्या. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचे आत्मकथन शिक्षकांनी जरूर वाचावे.

आता कुणी म्हणेल, डहाणूची गोष्ट आम्हाला संभाजीनगरला कशाला सांगता? तर त्याचे कारण आहे. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता. सरकारी शाळेत वरच्या वर्गांत शिकायचे ते उर्दूतून. आपल्या भाषेतून शिकायचे तर औरंगाबादेत सरस्वती भुवन, अंबाजोगाईत योगेश्वरी अशा मोजक्या शाळा, त्याही लोकांनी पदरमोड करून चालवलेल्या. त्यामुळे ‘घरातले पहिलेच शिकणारे मूल’ म्हणजे काय, हे इथल्या शिक्षकाला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

आणि आजही बघा. दिवाळी झाली की बीडपासून पैठण-कन्नडपर्यंतच्या कितीतरी घरांना कुलूप लागते. माणसे ऊस तोडायला जातात. पोरे एक तर बैलगाडीवर, ट्रॅक्टरवर बसून आईबापांबरोबर फडावर जातात, नाही तर आजीपाशी राहतात. ती आजी स्वतः शाळेचे तोंड न पाहिलेली. पण भाकरी बांधून, तोंड पुसून, नातवाला शाळेच्या फाटकापर्यंत पोचवते. मास्तर, ही आजी तुमची अर्धी शिक्षिका आहे. तिला कधी वर्गात बोलावले आहे का? तिच्याजवळ गोष्टी आहेत, ओव्या आहेत, दाण्यांची नि बियांची ओळख आहे. अनुताईंनी जे साहित्य अंगणातून गोळा केले, ते तिच्या ओट्यात आहे.

आपल्या देशात २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. मुलांना आहार मिळू लागला, लसी मिळू लागल्या, हे फार मोठे काम झाले. पण काही गावांत असेही दिसते की खिचडी वाटून झाली की दार लागते. चिंचोके नाहीत, गाणे नाही, मातीचा बैल नाही. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ ही वर्षे एकच पायाभूत टप्पा मानली. कोसबाडला बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात होती ती याच समजुतीने. तेव्हा दोष एकट्या सेविकेला देऊ नका. तिला वजने करायची, नोंदी ठेवायच्या, घरोघर फिरायचे असते. गावानेही थोडा हात लावावा.

म्हणून दोनच गोष्टी सांगतो. शिक्षकांनो, उद्या हजेरी घेताना जे नाव सलग आठ दिवस गैरहजर आहे, त्या घरी संध्याकाळी जाऊन या. रागावू नका, कडेवर भावंड आहे का, गुरे आहेत का, आईबाप फडावर आहेत का, एवढे बघा. आणि गावकऱ्यांनो, आठवड्यातून एक दिवस गावातल्या एखाद्या आजीला अंगणवाडीत नेऊन बसवा. तिने एक गोष्ट सांगावी. याला पैसा लागत नाही, मंजुरी लागत नाही.

अनुताईंना स्वतःचे मूल नव्हते, नातू नव्हता. तरी आज आपल्या गावात सकाळी जी पोरे हाताला धरून अंगणवाडीकडे निघतात, त्यांच्या वाटेवर त्या बाईंची पावले आधी पडलेली आहेत. ती वाट मोडू न देणे आपल्या हाती आहे.