रात्री दहा ते सकाळी सहा



शिरूर असो वा दौंड, लग्नसराई आली की डीजे दारात येतो.
खिडकीच्या काचा थरथरतात.
पाळण्यातलं बाळ दचकून उठतं.
दौंडकरांना रेल्वेच्या शिट्टीची सवय आहे.
पण छातीत धडकणारा हा दणका?
तो का सोसायचा?

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून लागू आहेत.
रात्री दहा ते सकाळी सहा, उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद.
सवलत फक्त सरकारने ठरवलेल्या मोजक्या सणांना, तीही मध्यरात्रीपर्यंतच.

शेजाऱ्याशी वाकडं येईल म्हणून आपण गप्प बसतो.
पण तक्रारदाराचं नाव उघड करू नका, असं मुंबई उच्च न्यायालयानं पोलिसांना २०२५ मध्ये पुन्हा बजावलं आहे.

लक्षात ठेवा, रात्री दहा ते सकाळी सहा.
आवाज थांबला नाही,
तर ११२ वर फोन करा.