सुकाणूवर वारा



शिडाच्या बोटीतून एकट्याने महासागर ओलांडायला निघालेल्या माणसापुढचा पहिला प्रश्न वादळाचा नसतो, झोपेचा असतो. सुकाणूचा दांडा सोडला की बहुतेक बोटी थोड्याच वेळात वाट सोडतात, वाऱ्याकडे तोंड करतात आणि शिडं फडफडू लागतात. मग रात्रभर दांडा धरायचा कोणी?

जून 1960 मध्ये इंग्लंडच्या प्लिमथ बंदरातून न्यूयॉर्ककडे एकेकट्या दर्यावर्दींची पहिली अटलांटिक शर्यत झाली. पाच जण उतरले होते. फ्रान्सिस चिचेस्टर 40 दिवसांत पोचले आणि जिंकले. ब्लाँडी हॅसलर 25 फुटी ‘जेस्टर’मधून 48 दिवसांत पोचले. दोघांच्याही बोटींचं सुकाणू वाऱ्यानेच सांभाळलं, पण रीत वेगळी होती. चिचेस्टरनी पिछाडीला चक्क एक छोटं शीड उभारलं होतं. त्याला ते ‘मिरांडा’ म्हणत. हे शीड वाऱ्याबरोबर फिरायचं आणि दोरांनी थेट सुकाणूचा दांडा ओढायचं. सगळं बळ वाऱ्याकडूनच घ्यायचं, म्हणून ते इतकं मोठं. हॅसलरांचा विचार मला अधिक खोल वाटतो. दिशा वाऱ्याला विचारायची आणि मेहनत पाण्याकडून करून घ्यायची! त्यांनी विकसित केलेली लंबक-पद्धत आज जगभरच्या बोटींवर दिसते.

ती कशी चालते ते नीट पाहू. पिछाडीला पातळ प्लायवूडचं एक पातं उभं असतं. खाली त्याला प्रतिभार असतो, त्यामुळे ते तोलून राहतं. बोट हव्या त्या वाटेवर आली की खलाशी पात्याची कड नेमकी वाऱ्याकडे करतो आणि तिथेच अडकवतो. बोट वाटेवर आहे तोवर वारा पात्याच्या दोन्ही अंगांनी सारखा सरकतो. बोट जराशी वळली की वारा पात्याच्या एका बाजूवर आदळतो आणि ते कलतं. या कलण्यात फारसं बळ नसतं. पण त्याने फक्त एकच काम करायचं असतं: पाण्यात उभ्या सोडलेल्या एका अरुंद वल्ह्याला किंचित पीळ द्यायचा.

धावत्या एसटीच्या खिडकीबाहेर हात काढून पंजा जरा तिरका केला, तर वारा हात कसा झटकन वर फेकतो, हे लहानपणी आपण सगळ्यांनी अनुभवलेलं असेल. वल्ह्याचं तेच होतं, आणि पाणी तर हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन. वल्हं जोराने बाजूला झुलतं. त्याला बांधलेले दोर कप्प्यांवरून दांड्यापर्यंत गेलेले असतात. ते दांडा ओढतात आणि बोट परत वाटेवर येते. बोटीचा वेग दुप्पट झाला की वल्ह्याचं बळ चौपट होतं. म्हणजे जोराच्या वाऱ्यात, जेव्हा माणसाचे दंड भरून येतात, तेव्हा हे यंत्र अधिक ताकदवान होतं. आणि विजेचा एक थेंबही लागत नाही!

मला सर्वांत सुंदर वाटतो तो पुढचा भाग. वल्हं झुलत बाहेर जाऊ लागलं की दातेरी चाकांची जोडणी त्याचा पीळ आपोआप कमी करत आणते. चूक जेवढी, सुधारणा तेवढीच. हे नसतं तर बोट एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी भरकटत राहिली असती.

मर्यादाही आहेत. वारा पाठीमागून 10 नॉटचा आणि बोट 6 नॉटने पुढे जात असेल, तर पात्याला मिळतो जेमतेम 4 नॉटचा वारा. त्यात ते मंद पडतं. शिवाय पातं होकायंत्र जाणत नाही, त्याला फक्त वारा कळतो. आपल्या कोकणकिनाऱ्याचं उदाहरण घ्या. दुपारी पश्चिमेचा खारा वारा उजव्या अंगाला घेऊन बोट दक्षिणेला निघाली. रात्री मतलई वारा पूर्वेकडून सुटला, तर पातं वारा उजव्याच अंगाला ठेवू पाहील, आणि त्यासाठी बोटीचं तोंड उत्तरेला करील! किनारा जवळ असताना पात्याच्या भरवशावर गाढ झोपणं म्हणूनच घातक.

आणि शिडं असमतोल लावली असतील तर कोणतंही पातं पुरं पडत नाही. उलट, तोल साधला तर पात्याविनाही निभतं. दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची बोट ‘सुहेली’ मुंबईत सागवानाची बांधलेली. 14 जून 1968 ला ते इंग्लंडच्या फालमथहून पृथ्वी-प्रदक्षिणेला निघाले. ऑस्ट्रेलियाजवळ त्यांचं स्वयंसुकाणू मोडून निकामी झालं. मग शिडांचा तोल साधून, दांडा बांधून त्यांनी प्रशांत महासागर ओलांडला, आणि 22 एप्रिल 1969 ला, 312 दिवसांनी, न थांबता एकट्याने पृथ्वी-प्रदक्षिणा पुरी करणारे पहिले दर्यावर्दी ठरले.

तो प्रवास ज्या गोल्डन ग्लोब शर्यतीतला होता, ती त्याच्या पन्नाशीनिमित्त 2018 मध्ये पुन्हा भरली. विजेचं स्वयंचलित सुकाणू वर्ज्य, वाऱ्याचं पातं मात्र चालेल, असा नियम. तिच्यात उतरलेल्या भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमी यांची बोट ‘तुरीया’ गोव्यात, ‘सुहेली’च्याच आराखड्यावर बांधली होती. हिंदी महासागरातल्या वादळात तिची डोलकाठी मोडली आणि टॉमींच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. पुढच्या शर्यतीत ते दुसरी बोट घेऊन पुन्हा उतरले, वाटेत वाऱ्याचं यंत्र स्वतःच्या हातांनी दुरुस्त करत राहिले, आणि एप्रिल 2023 मध्ये दुसरे आले.