एक बोलपट आणि त्याचे अनेक प्रेक्षक

कादंबरीवरून घेतलेला ऐतिहासिक बोलपट पाहून मंडळी बाहेर पडतात, तेव्हां त्यांच्या तोंडीं बहुधा दोन प्रश्न असतात. कादंबरी वाचलेला विचारतो, "पुस्तकांतलें यांत कितपत उतरलें?" आणि न वाचलेला विचारतो, "हें सारें खरोखरीच असें होतें काय?" पहिल्या प्रश्नाचें उत्तर पुस्तक उघडून देतां येतें. दुसऱ्याचें उत्तर मात्र, तो बोलपट कोणीं व कोठें बसून पाहिला, यावर पुष्कळ अवलंबून असतें. 'गॉन विथ द विंड' या जगप्रसिद्ध अमेरिकन बोलपटाच्या आधारें या दुसऱ्या प्रश्नाचा विचार आज आपल्यापुढें मांडावा, असें मीं योजिलें आहे.

मार्गारेट मिचेल या अटलांटा शहरच्या लेखिकेची याच नांवाची, हजारांहून अधिक पानांची कादंबरी १९३६ च्या जूनमध्यें प्रसिद्ध झाली आणि पुढील वर्षीं तिला पुलित्झर पारितोषिक मिळालें. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेच्या उत्तर व दक्षिण भागांत यादवी युद्ध झालें, दक्षिणेचा पराभव झाला आणि गुलामगिरी संपली. त्या उलथापालथींत सांपडलेल्या स्कार्लेट ओहारा या जॉर्जिया प्रांतांतील जमीनदार-कन्येची ही कथा. निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांनीं पन्नास हजार डॉलर मोजून कादंबरीचे हक्क घेतले, आणि व्हिक्टर फ्लेमिंग यांच्या नांवें तयार झालेला हा बोलपट १५ डिसेंबर १९३९ रोजीं अटलांटा येथेंच प्रथम दाखविण्यांत आला. तो पावणेचार तासांच्या आसपास चालतो.

कादंबरीच्या वाचकांचें मत प्रथम घेऊं. त्यांची तक्रार अशी कीं, पुस्तकांत स्कार्लेटला तीन विवाहांपासून तीन मुलें होतात. पडद्यावर एकच उरतें. पडत्या काळांत टारा येथील शेती संभाळणारा विल बेंटीन हा पुस्तकांतील मोठा गुणी मनुष्य. त्याचा तर येथें पत्ताच नाहीं. परंतु एवढा ग्रंथ एका बैठकींत दाखवावयाचा, तर काटछांट अपरिहार्यच होती. उलट व्हिव्हियन लीच्या स्कार्लेटविषयीं वाचकांनींही समाधान मानलें. दार्जिलिंग येथें जन्मलेल्या या इंग्रज नटीची निवड झाली तेव्हां दक्षिणेंतील कांहीं स्त्रियांनीं आक्षेप घेतला होता. बोलपट पाहिल्यावर तो आवाज मावळला.

आतां अटलांटांतील पहिल्या खेळाच्या प्रेक्षकांकडे वळूं. त्या दिवशीं सबंध प्रांताला सुटी होती. शहरांत उत्सव होता. युद्धांत प्रत्यक्ष लढलेले कांहीं वयोवृद्ध शिपाई अजून हयात होते, त्यांना मानानें बोलावलें होतें. बाकीचे प्रेक्षक जित लोकांचे मुलगे व नातू. आजीच्या तोंडून ऐकलेलें वैभव, तीं शुभ्र खांबांचीं घरें, तो शहराला लागलेला वणवा, सारें रंगांत डोळ्यांपुढें उभें राहिलें. रेल्वेच्या आवारांत स्कार्लेट वैद्याला शोधीत येते, कॅमेरा हळूहळू वर चढत जातो, आणि जखमी व मृत सैनिकांनीं भरलेली ती अफाट भूमि दिसूं लागते. त्या गर्दींत जिवंत माणसांबरोबर बाहुलेही निजविले होते. पण तें ठाऊक असूनही पाहणाऱ्याचा ऊर भरून येतो. त्या रात्रीं अटलांटाच्या प्रेक्षकांना विचारलें असतें, "हें खरें काय?" तर "यापरतें खरें दुसरें नाहीं" असेंच त्यांनीं सांगितलें असतें.

परंतु त्या चित्रगृहांत कोण नव्हतें, तेंही सांगितलें पाहिजे. बोलपटांत मॅमी या वृद्ध दासीचें काम करणारी हॅटी मॅक्डॅनिएल त्या समारंभास नव्हती. ती कृष्णवर्णीय होती, आणि जॉर्जियांतील तत्कालीन कायद्यानें गोऱ्यांच्या पंक्तीला तिला जागा नव्हती. आदल्या रात्रीं झालेल्या नृत्यसमारंभांत मात्र कृष्णवर्णीयांच्या एका चर्चमधील गायकांना गुलामांचा वेष घालून गावयास उभें केलें होतें. त्यांत चर्चच्या धर्मोपदेशकांचा दहा वर्षांचा मुलगाही होता. तो मुलगा म्हणजे पुढें जगद्वंद्य झालेले मार्टिन ल्यूथर किंग.

१९४० च्या फेब्रुवारींत मॅक्डॅनिएल यांना ऑस्कर पारितोषिक मिळालें. तो मान मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ति. पण त्या मेजवानींतही तिला सहकाऱ्यांपासून दूर, भिंतीकडील लहानशा टेबलाशीं बसविलें होतें. तिच्या समाजांतही मतें दोन पडलीं. कित्येकांना तिच्या यशाचा अभिमान वाटला. कित्येकांना वाटलें कीं, धन्याच्या घराशिवाय जिला घर नाहीं, किंबहुना स्वतःचें नांवही नाहीं, अशा दासीचा गौरव हा आमचा गौरव नव्हे. चित्रीकरण होण्यापूर्वींपासूनच कृष्णवर्णीयांच्या संस्था व वृत्तपत्रें यांनीं आक्षेप नोंदविले होते. त्याचा थोडा परिणामही झाला. एक अपमानकारक शब्द संभाषणांतून गेला, आणि कादंबरींतील कू क्लक्स क्लॅन या दहशतवादी संघटनेचें नांवही पडद्यावर आलें नाहीं. मात्र संघटनेचें नांव गेलें तरी प्रसंग राहिला. रात्रीं हत्यारें घेऊन बाहेर पडणारे ते पुरुष पडद्यावर अब्रूदार गृहस्थच दिसतात.

मिशिगनमधील मेसन या लहान गांवीं शाळेंत शिकणाऱ्या एका मुलानें हा बोलपट पाहिला. चित्रगृहांत कृष्णवर्णीय असा तो एकटाच. प्रिसी ही भित्री, खोटें बोलणारी दासी पडद्यावर आली, तेव्हां जमिनीवरच्या गालिचाखालीं दडून बसावें असें त्याला झालें. हा मुलगा पुढें मॅल्कम एक्स या नांवानें प्रसिद्ध झाला व त्यानें हा अनुभव आत्मचरित्रांत नमूद केला. श्रोतेहो, पडदा तोच, चित्रें तींच. परंतु जेथें एकाला आपल्या पूर्वजांचा मान दिसला, तेथें दुसऱ्याला आपल्या आईबापांची विटंबना दिसली.

याहून निराळे असेही प्रेक्षक होते. १९४० सालीं लंडनमध्यें लागलेला हा बोलपट बाँबवर्षावाच्या काळांतही चालू राहिला आणि कित्येक वर्षें चालला. भुकेलेली स्कार्लेट उजाड शेतांतला कंद उपटून खाते, आणि पुन्हां कधीं उपाशी राहणार नाहीं अशी प्रतिज्ञा करते, हा प्रसंग शिधापत्रिकेवर जगणाऱ्या गृहिणींना किती जवळचा वाटला असेल, याची कल्पना करतां येते. त्यांना दक्षिणेच्या अभिमानाशीं कर्तव्य नव्हतें; पडलेलें घर उभें करणारी एक बाई त्यांना पाहावयाची होती. अलीकडच्या स्त्रियांना तीच स्कार्लेट आवडते. परंतु पति रेट बटलर तिला बळेंच उचलून जिन्यावरून नेतो आणि सकाळीं ती आनंदांत दिसते, हा प्रसंग त्यांना मुळींच रुचत नाहीं. आणि तें योग्यच आहे.

मग यांत खरें मत कोणाचें? इतिहास शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला, त्या माझ्यासारख्या मास्तराला येथें आंकड्यांकडे बोट दाखवावेंसें वाटतें. १८६० च्या शिरगणतींत जॉर्जियाची लोकसंख्या सुमारें साडेदहा लाख होती. त्यांपैकीं चार लाख साठ हजारांहून अधिक माणसें गुलाम होतीं. म्हणजे शंभरांत जवळजवळ चव्वेचाळीस. पावणेचार तासांच्या बोलपटांत या चव्वेचाळिसांपैकीं एकाच्याही मनांतली इच्छा आपल्याला कळत नाहीं. स्वातंत्र्य मिळाल्यावर मॅमीला काय वाटलें, हें कोणी तिला विचारीत नाहीं. स्कार्लेटची भूक खरी आहे, मेलनीचा चांगुलपणा खरा आहे. पण त्या समाजाचें चित्र म्हणून हें अर्धेंच आहे, आणि अर्धें चित्र सुंदर असलें म्हणजे तें पुरें वाटूं लागतें.

२०२० च्या जूनमध्यें एचबीओ मॅक्स या अमेरिकन सेवेनें हा बोलपट आपल्या संग्रहांतून काढला, आणि त्याच महिन्यांत जॅकलीन स्ट्यूअर्ट या विदुषींच्या प्रास्ताविकासह परत ठेविला. कांहींना काढणें आवडलें नाहीं, कांहींना परत ठेवणें. मला स्वतःला प्रास्ताविक जोडण्याचा मार्ग पसंत आहे. जुनें पुस्तक आपण जाळीत नाहीं. त्याला टीपा जोडतों. प्रत्येक ऐतिहासिक बोलपटावर दोन काळांची मुद्रा असते: ज्याची कथा तो सांगतो त्या काळाची, आणि ज्यांत तो तयार झाला त्या काळाची. हा बोलपट १८६१ विषयीं जितकें सांगतो, तितकेंच १९३९ विषयीं सांगतो. मॅक्डॅनिएलचें तें दूरचें टेबल ध्यानांत ठेवून तो पाहिला, तर तो खरा इतिहासही शिकवील.

आपल्याकडेही हरि नारायण आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवरून 'सिंहगड' पडद्यावर आला; १९२३ सालीं बाबूराव पेंटरांचा मूकपट आणि १९३३ सालीं शांतारामांचा बोलपट. असें चित्र पाहून घरीं आलेलें मूल जेव्हां विचारतें, "हें असेंच झालें होतें का हो, आजोबा?" तेव्हां "होय" म्हणून त्याला झोंपविणें सोपें असतें. परंतु त्याला उलट विचारावें: "यांत कोण बोललें, आणि कोण बोललेंच नाहीं, तें तूं पाहिलेंस का?" चित्राचा आनंद त्यानें तिळभर कमी होत नाहीं. मुलाला मात्र पाहावयाला येऊं लागतें, आणि पुढच्या खेपेस आपल्या शेजारच्या खुर्चीवर कोण बसलें आहे, इकडेही त्याचें लक्ष जाईल.