कोणते गुण कळवावेत?
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी व पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



परदेशी शिक्षणाविषयी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. परंतु आयुष्य मुलांचे गुण मांडण्यात गेले, एवढ्याच अधिकारावर बोलतो. अमेरिकेतील नामांकित महाविद्यालयांत पदवीसाठी अर्ज करताना प्रवेशपरीक्षेचे कोणते गुण कळवावेत, या एकाच प्रश्नाचा आज विचार करू.

आपल्याकडे गुणपत्रिका असेल तशी दाखवावी लागते. तिकडील रीत निराळी आहे. ‘सॅट’ ही परीक्षा पुन्हा देता येते. भाषा व गणित या विभागांना प्रत्येकी ८००, मिळून १६०० गुण. दुसरी ‘एसीटी’, तिचा कमाल गुणांक ३६. दोहोंपैकी एक पुरते.

प्रथम प्रत्येक संस्थेचा नियम वाचावा. २०२० च्या महामारीनंतर अनेक महाविद्यालयांनी हे गुण ऐच्छिक केले. पुढे एमआयटीने २०२२ मध्ये, तर डार्टमथ, हार्वर्ड व कॅलटेक यांनी २०२४ मध्ये ते पुन्हा सक्तीचे केल्याचे जाहीर केले. कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेश देताना ते पाहतच नाही. काही संस्था दिलेल्या सर्व परीक्षांचे गुण मागतात. तेथे एकही लपवू नये. ऐच्छिक असता न कळविणे ही त्यांनीच दिलेली मुभा आहे. मागितले असता दडविणे हे असत्य आहे. हा भेद पालकांनी मुलांच्या मनावर ठसवावा.

पुष्कळ संस्था निरनिराळ्या वेळी मिळालेले प्रत्येक विभागाचे उत्तम गुण एकत्र धरतात. समजा, पहिल्या वेळी भाषेत ६८० व गणितात ७६० मिळाले. दुसऱ्या वेळी ७२० व ७३०. बेरजा १४४० आणि १४५०. परंतु उत्तम तेवढे घेतल्यास ७२० व ७६० मिळून १४८० होतात. अशा ठिकाणी दोन्ही वेळचे गुण कळवावेत.

गुण ऐच्छिक असतील तेथे खरी कसोटी लागते. बहुतेक महाविद्यालये प्रवेश घेतलेल्यांच्या गुणांच्या दोन मर्यादा प्रसिद्ध करतात. खालच्या आकड्याहून कमी गुण मिळविणारे पाव विद्यार्थी, वरच्याहून अधिक मिळविणारे पाव, आणि उरलेले निम्मे मधले. आपले गुण या मधल्या पट्ट्यात असतील तर बहुधा कळवावेत. फार खाली असतील तर राखून ठेवावेत. मात्र एक गोष्ट ध्यानात असू द्या. जेथे गुण ऐच्छिक आहेत, तेथे हे आकडे केवळ गुण कळविणाऱ्यांचे असतात. कमी गुणांचे विद्यार्थी ते कळवीतच नाहीत. त्यामुळे आकडे मुळापेक्षा उंच दिसतात. त्यांना पाहून घाबरू नये.

डार्टमथच्या प्राध्यापकांनी आपल्याच संस्थेतील अर्ज तपासले, तेव्हा असे आढळले की, साधनहीन घरांतील काही होतकरू मुलांनी जे गुण कमी समजून कळविले नाहीत, तेच त्यांच्या प्रवेशास साह्यभूत ठरले असते. कारण मुलगा कोणत्या शाळेतून आणि कोणत्या परिस्थितीतून आला, हे तेथील परीक्षक पाहतात. तालुक्याच्या शाळेतील मुलाची शालेय टक्केवारी त्यांना परकी; परंतु ‘सॅट’चा आकडा त्यांना तत्काळ कळतो. अशा मुलाने तो झाकून ठेवणे म्हणजे आपल्या बाजूचा साक्षीदार घरी बसविणे होय.

आणि मुले गुण झाकतात ती बहुधा आपल्यामुळेच. गुणगौरव समारंभात आपण पहिल्या तिघांना व्यासपीठावर बोलावतो, आणि घरी परतताना चौथ्याला चुलतभावाचे गुण ऐकवतो. चांगले गुण मिळूनही तो लाजतो, आणि अर्ज भरताना तीच लाज निर्णय घेते. पालकहो, मुलाशेजारी बसा. पुढ्यात संस्थेचा नियम व आकडे असू द्या, चुलतभाऊ नको. मग जो निर्णय होईल तो मुलाला मोकळेपणाने घेऊ द्या.