दमडी मशीद आणि नानीचा मुसल्ला

(नगर शहरातील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘इस्लामी कला आणि रोजची उपासना’ या विषयावर बोल, असं संयोजक बायकांनी मला सांगितलं. मी कलेची अभ्यासक नाही. एम.एस.डब्ल्यू. केलं आणि त्यानंतर याच जिल्ह्यात, वस्त्यांमधून, बायकांबरोबर काम करते आहे. शिवाय मी नगरच्याच एका मुसलमान घरातली मुलगी. तेव्हा घरात आणि वस्तीत जे पाहिलं त्यावरूनच बोलेन.

नगरची कला म्हटलं की किल्ला, फराहबाग, बारा इमाम कोठला ही नावं येतात. २०२४ साली गावाचं नाव अहिल्यानगर झालं, तरी या दगडांची ओळख निजामशाहीचीच. डोंगरावरच्या तीन मजली अष्टकोनी इमारतीला आपण सगळे चांदबीबीचा महाल म्हणतो. ती खरं तर सलाबतखान या निजामशाही सरदाराची कबर आहे. बाईच्या नावावर एक इमारत लागली, तीही चुकून!

मला सगळ्यात जवळची वाटते ती किल्ल्याजवळची दमडी मशीद. लहानशीच आहे, पण दगडावरचं कोरीवकाम बघत राहावं असं. साहिरखान नावाच्या सरदाराने ती १५६७ च्या सुमारास बांधली. हुसेन निजामशहाने किल्ल्याचं दगडी बांधकाम काढलं, त्यावर राबणाऱ्या मजुरांनी एकेक दमडी बाजूला टाकली आणि त्यातून मशीद उभी राहिली, अशी आख्यायिका सांगतात. ही गोष्ट ऐकली की माझ्या मनात एकच प्रश्न येतो. या मजुरांत बाया नसतील का? आजही कुठल्याही बांधकामावर जा, पाट्या कोण वाहतं? मग त्या दमड्यांत त्यांचीही दमडी असणारच, असं मी धरून चालते.

मशिदीत माणसांची, प्राण्यांची चित्रं नसतात. म्हणून कारागिरांनी आपलं सगळं कसब वेलबुट्टीत, फुलांत, चांदण्यांच्या आकृतींत आणि अक्षरांत ओतलं. मक्केच्या दिशेच्या, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेच्या भिंतीत कोनाड्यासारखी एक कमान असते, तिला मेहराब म्हणतात. तिच्यात काही ठेवलेलं नसतं. तोंड कुणीकडे करायचं, एवढंच ती सांगते.

हीच मेहराब माझ्या नानीकडे होती, कापडाची. मुसल्ला म्हणजे नमाजाचं आसन. नानीने तो जुन्या चादरीवर स्वतः शिवला होता. निळ्या साडीच्या काठाची कमान, आत शिलाईतून उरलेल्या चिंध्यांची फुलं. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सातजण. नानी मुसल्ला अंथरायची तेव्हा कुणीतरी पाय आखडून घ्यायचं, कुणी स्टोव्ह बाजूला सरकवायचं, आणि तेवढा दीड हात रुंदीचा तुकडा पाच-दहा मिनिटं तिचा व्हायचा. फजर नळाला पाणी यायच्या आधी, जोहर भाकऱ्या झाल्यावर, असर, मगरीब, आणि सगळ्यांची जेवणं उरकल्यावर इशा. दिवसभरात तिला हाक मारायची नाही असा वेळ तेवढाच. ‘नमाज पढतेय’ म्हटलं की नानासुद्धा गप्प बसायचे.

हे कुठल्या पुस्तकात कला म्हणून येत नाही. दगडात असलं की कलाकुसर आणि चिंध्यांत असलं की बायकांचा फावल्या वेळचा उद्योग! फावला वेळ कुठला, ते आपल्याला माहीत आहे.

आणि या उपासनेत सगळं गोड आहे असंही मी म्हणणार नाही. पाळीच्या दिवसांत नमाज माफ असते. पण एका खोलीच्या घरात मुलीने मुसल्ला अंथरला नाही की भावापासून काकांपर्यंत सगळ्यांना कळतं. वस्तीतल्या कितीतरी मुली त्या दिवसांत उगाच वाकून-उठून नमाजाचं सोंग करतात. मीही केलं आहे.

घराबाहेर तर आणखी पंचाईत. एस.टी. असरच्या वेळेला थांबली तर पुरुष शेजारच्या मशिदीत जाऊन वजू करून येतात. बाईला हातपाय धुवायला नळ नाही. ती घरी जाऊन कजा, म्हणजे चुकलेली नमाज, भरून काढते. पैगंबरांच्या मशिदीत बायका नमाजाला जात होत्या. पुण्याच्या एका दांपत्याने २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, तेव्हा २०२० च्या जानेवारीत खुद्द पर्सनल लॉ बोर्डाने प्रतिज्ञापत्रात सांगितलं की बाईला मशिदीत जायला धर्माची मनाई नाही. तरीही आपल्या भागातल्या बहुतेक मशिदींत तिच्यासाठी जागाच काढलेली नाही.

इथे मला आपल्याच जिल्ह्यातलं शिंगणापूर आठवतं. ८ एप्रिल २०१६, गुढीपाडवा. त्या दिवशी शनीच्या चौथऱ्यावर बायका चढल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने हाजी अलीच्या मजारीपर्यंत जायचा बायकांचा हक्क मान्य केला. तो खटला मुसलमान बायकांनीच लढवला होता. शिंगणापूरच्या वेळी काही लोक मला म्हणाले, ‘आधी तुमच्या मशिदींचं बघा.’ बघतेच आहे. पण असं म्हणणाऱ्यांपैकी एकानेही कधी मुसलमान बाईला घर भाड्याने दिलेलं मला ठाऊक नाही.

गेल्या रमजानच्या आधी आम्ही अकराजणी एका मशिदीच्या कमिटीकडे गेलो. कुठली ते सांगत नाही, कारण बोलणी चालू आहेत. मागणी मोठी नव्हती: मागच्या बाजूची अडगळीची खोली, एक नळ आणि एक पडदा. वडीलधारे होते, चहा पाजला. म्हणाले, ‘बेटी, घरची नमाज तुमच्यासाठी जास्त चांगली.’ आमच्यातल्या एका विडी वळणाऱ्या खालांनी विचारलं, ‘भाईसाब, घरात जागा कुठे आहे?’ कुणी काही बोललं नाही. मग एकजण उठले आणि त्या खोलीची किल्ली कुणाकडे असते ते शोधायला गेले.

किल्ली त्या दिवशी सापडली नाही. येत्या शुक्रवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत. ज्यांना यायचं असेल त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला भेटावं. मुसलमान नसलेल्यांनीही यावं.